लेन्स घेण्यापूर्वी तिचे चारही कोपरे तपासा : व्यावसायिक वाइड अँगल झूमची पारख

माझ्या पहिल्या १६-३५ मिमी लेन्सचा डावीकडचा खालचा कोपरा सॉफ्ट, म्हणजे अस्पष्ट, असल्याचे मला ती विकत घेतल्यानंतर तीन आठवड्यांनी समजले. सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या चौकाची छायाचित्रे मोठ्या आकारात छापायची होती. छपाई हातात आली तेव्हा उजवीकडच्या सुरूदार खांबावरची नक्षी रेघन् रेघ दिसत होती आणि डावीकडचा जोडीचा खांब मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखा झाला होता. दुकानाची बदलून देण्याची मुदत संपली होती, दुरुस्ती केंद्राने लेन्स ‘मर्यादेच्या आत’ असल्याचा शेरा मारून ती परत पाठवली, आणि पुढची दोन वर्षे मी महत्त्वाचे काही त्या कोपऱ्यात येऊ नये याची काळजी घेत काम केले.

त्या लेन्सची परीक्षणे मी खरेदीपूर्वी वाचली होती आणि ती खोटीही नव्हती. परीक्षण होते ते मॉडेलचे. आपल्या हाती येते ती त्या मॉडेलची एक प्रत, आणि वाइड अँगल झूमच्या बाबतीत प्रतीप्रतीतला फरक इतर बहुतेक लेन्सपेक्षा अधिक जाणवतो. याचे कारण रचनेत आहे. एसएलआर कॅमेऱ्यात आरशाला जागा द्यावी लागत असल्याने माउंट (लेन्स बसते ते कडे) ते सेन्सर हे अंतर कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिमी आणि निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी होते. १६ मिमी फोकल लेंथच्या (हा आकडा लहान तितके दृश्य रुंद) लेन्सने इतक्या दुरून सेन्सरवर प्रतिमा पाडायची तर पुढे मोठी अंतर्वक्र भिंगे आणि मागे प्रकाश एकवटणारा गट, अशी उलट्या दुर्बिणीसारखी मांडणी करावी लागते. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांत हे अंतर १६ ते २० मिमीवर आल्यामुळे लेन्स हलक्या झाल्या. निकॉनची २००७ सालची १४-२४ मिमी एफ/२.८ (एफचा आकडा लहान तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे) सुमारे एक किलोची होती, तर झेड माउंटसाठी २०२० साली आलेली त्याच पल्ल्याची लेन्स ६५० ग्रॅमची आहे. तरीही आत पंधरा-सोळा भिंगे आणि झूम व फोकससाठी सरकणारे गट असतातच, आणि त्यांतला एखादा गट अक्षापासून अगदी किंचित कलला तरी मधला भाग स्वच्छ राहून एखादी कड बिघडते. म्हणून पुढे जे सांगितले आहे त्याचा रोख कोणते मॉडेल चांगले हे ठरवण्याकडे कमी आणि समोरच्या खोक्यातली लेन्स ठेवावी की परत करावी हे ठरवण्याकडे अधिक आहे.

काम आधी, लेन्स नंतर

तरीही मॉडेल निवडावे लागतेच, आणि ते निवडताना स्वतःच्या जुन्या छायाचित्रांइतका प्रामाणिक सल्लागार दुसरा नाही. गेल्या वर्षभरातील चित्रे फोकल लेंथनुसार लावून पाहिली, तर आपण खरोखर १६ मिमीवर किती काम करतो आणि २८-३५ मिमीवर किती, हे पाच मिनिटांत कळते. वाडे, मंदिरे आणि घरांची अंतर्गत सजावट टिपणाऱ्याला रुंद टोक लागते. विसर्जन मिरवणूक किंवा लग्न टिपणाऱ्याला प्रत्यक्षात २४ ते ३५ मिमीचा भाग अधिक लागतो, जरी विकत घेताना त्याचे मन १४ मिमीवर जडलेले असले तरी.

फुल फ्रेम (३६ × २४ मिमी) सेन्सरवर कर्णाच्या दिशेने मोजलेला दृष्टिकोन १४ मिमीला ११४ अंश, १६ मिमीला १०७, २४ मिमीला ८४ आणि ३५ मिमीला ६३ अंश असतो. अंशांपेक्षा भिंतीच्या हिशेबात हे लवकर समजते: भिंतीपासून दोन मीटरवर उभे राहिल्यास १६ मिमीत तिची ४.५ मीटर रुंदी मावते आणि १४ मिमीत ५.१ मीटर. ओसरीत पाठ आधीच भिंतीला टेकलेली असताना हे साठ सेंटिमीटर मोलाचे ठरतात, मोकळ्या मैदानात मात्र दोन पावले मागे गेले की हिशेब चुकता होतो. कॅमेऱ्याचा सेन्सर त्याहून लहान, एपीएस-सी असेल तर १.५ पट क्रॉपमुळे १६ मिमीची लेन्स २४ मिमीसारखी दिसते, म्हणजे तिच्यातले ‘वाइड’ बरेचसे उरत नाही.

एफ/२.८ म्हणजे व्यावसायिक आणि एफ/४ म्हणजे हौशी, ही समजूत सोडून द्यावी. दोहोंत एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाचा फरक आहे, आणि रात्रीच्या मिरवणुकीत किंवा ताऱ्यांच्या छायाचित्रणात तो हवाच. पण ट्रायपॉडवर एफ/८ ठेवून काम करणाऱ्याने त्या स्टॉपसाठी अधिक पैसे, अधिक वजन आणि कित्येकदा अधिक अवघड फिल्टर का घ्यावेत? कॅननची २०१४ सालची १६-३५ मिमी एफ/४ तत्कालीन एफ/२.८ आवृत्तीपेक्षा कोपऱ्यांत अधिक स्वच्छ होती, म्हणूनच निसर्गचित्रण करणाऱ्या अनेकांनी महागडी लेन्स सोडून ती घेतली. निकॉनची झेड माउंटवरील १४-३० मिमी एफ/४ ही ४८५ ग्रॅमची लेन्स १४ मिमीपासून सुरू होऊनही साधा ८२ मिमीचा फिल्टर घेते. शंका असेल तर दोन दिवसांचे भाडे भरून लेन्स वापरून पाहावी. लाखाहून अधिक रकमेच्या निर्णयापुढे ते भाडे किरकोळ आहे.

लेन्स किती स्पष्ट चित्र देते हे दाखवणाऱ्या, उत्पादकांच्या एमटीएफ आलेखांविषयी थोडक्यात. आडव्या अक्षावर चित्राच्या मध्यापासूनचे अंतर असते, फुल फ्रेममध्ये ते कोपऱ्याशी सुमारे २१.६ मिमी होते. दर मिलिमीटरला १० रेषाजोड्यांची वक्ररेषा कॉन्ट्रास्ट सांगते आणि ३० ची बारीक तपशील. तुटक आणि अखंड रेषा कोपऱ्याकडे एकमेकींपासून फार दूर जात असतील तर तिथे ठिपक्यांच्या रेघोट्या होणार असे समजावे. बहुतेक आलेख मात्र रचनेवरून गणिताने काढलेले आणि अनंत अंतरासाठीचे असतात; प्रत्यक्ष बनलेल्या कोणत्याही प्रतीचे ते मोजमाप नसते.

टेकडीवरची सकाळ

लेन्स हाती आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच ही चाचणी करावी. त्यासाठी दूर, स्पष्ट आणि बारीक तपशील असलेली वस्तू लागते: गच्चीवरच्या टाक्या, खिडक्यांचे गज आणि जाळ्या असलेली एखादी उंच इमारत उत्तम. मी पर्वतीवर जातो. १०३ पायऱ्या ट्रायपॉडसह चढाव्या लागतात, पण सकाळी सूर्य पाठीशी ठेवून पश्चिमेकडे, सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या इमारतींकडे पाहता येते. फर्ग्युसन महाविद्यालयामागची हनुमान टेकडी चढायला सोयीची असली तरी तिथून शहर पूर्वेला पसरलेले दिसते, त्यामुळे सकाळी ऊन थेट लेन्समध्ये येते आणि संध्याकाळीच तिचा उपयोग होतो. उन्हाळ्यात नऊनंतर तापलेल्या पत्र्यांवरून हवा थरथरू लागते आणि लेन्सचा दोष कोणता व हवेचा कोणता हे सांगता येत नाही. हिवाळ्यात उलट पहाटेचे धुके विरेपर्यंत थांबावे लागते. पाऊस पडून गेल्यानंतरची धुतलेली सकाळ मिळाली तर इतर कामे बाजूला ठेवून निघावे.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ सर्वांत कमी, चित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात, स्थिरीकरण बंद, दोन सेकंदांचा टायमर. निवडलेली इमारत चौकटीच्या बरोबर मध्ये आणून, पडद्यावरचे दृश्य मोठे करून लेन्स पूर्ण उघडी असताना हाताने फोकस करावा आणि त्यानंतर फोकसच्या कड्याला स्पर्शही करू नये. आता कॅमेरा फिरवून तीच इमारत क्रमाने वरच्या डाव्या, वरच्या उजव्या, खालच्या उजव्या आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात आणावी व मध्यासह प्रत्येक ठिकाणी एफ/२.८, एफ/४, एफ/५.६ आणि एफ/८ वर एकेक चित्र घ्यावे. हाच क्रम १६, २४ आणि ३५ मिमीवर. झूम बदलला की फोकस पुन्हा मध्यावर करावा, कारण झूम केल्यावर फोकस तसाच राहील अशी हमी या लेन्समध्ये नसते. एकूण साठ चित्रे होतात आणि पाऊण तास जातो.

या पद्धतीचा फायदा असा की, चारही कोपऱ्यांत वस्तू एकच असल्याने जो फरक दिसेल तो लेन्सचा. घरी येऊन चारही कोपरे १०० टक्के आकारात शेजारी-शेजारी लावावेत. एफ/२.८ वर ते चारही सारखेच थोडे सॉफ्ट असतील आणि एफ/५.६ पर्यंत सारखेच सुधारत असतील, तर ती रचनेची मर्यादा आहे आणि दुसरी प्रत मागून उपयोग नाही. तीन कोपरे चांगले आणि एक वाईट, किंवा डावी बाजू चांगली आणि उजवी वाईट असे दिसले, तर भिंगांचा गट कललेला असण्याची शक्यता मोठी आहे. एफ/८ वरही तो फरक शिल्लक राहिला तर लेन्स परत करावी. एफ/२.८ वर दिसून एफ/५.६ ला पूर्ण नाहीसा होणारा किरकोळ फरक मी स्वतः स्वीकारतो, कारण सर्वस्वी निर्दोष वाइड झूम शोधत बसणाऱ्यांना मी वर्षभर दुकानांच्या पायऱ्या झिजवताना पाहिले आहे.

एक खबरदारी घ्यावी. कोपरा सॉफ्ट दिसला म्हणजे तेथे तपशील नाहीच असे नसते. अनेक वाइड लेन्सचा फोकस सपाट पातळीत न पडता बशीसारख्या वक्र पृष्ठावर पडतो. म्हणून इमारत कोपऱ्यात ठेवून तिथेच नव्याने फोकस करावा आणि आणखी एक चित्र घ्यावे. कोपरा आता चांगलाच स्वच्छ झाला तर दोष वक्रतेचा आहे, आणि निसर्गचित्रणात मध्य व कड यांच्यामधला फोकस साधून त्यावर मात करता येते. मात्र डावा कोपरा जवळ फोकस केल्यावर आणि उजवा दूर फोकस केल्यावर सुधारत असेल, तर तो पुन्हा कलच. १६ मिमीला एफ/८ वर हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केल्यास त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट दिसते) नेहमीच्या ०.०३ मिमी निकषाने जेमतेम १.१ मीटर येते, त्यामुळे एफ/८ वरची चित्रे हे दोष झाकून टाकतात. निदान नेहमी उघड्या अ‍ॅपर्चरवर करावे.

भिंत आणि आरसा

ज्यांचे काम इमारतींचे किंवा खोल्यांचे आहे त्यांनी जवळच्या अंतरावरही तपासावे, कारण दूरवर उत्तम असलेली लेन्स दीड-दोन मीटरवर कडांना ढिली पडल्याचे मी पाहिले आहे. सोसायटीच्या आवाराची विटांची भिंत पुरते. उत्तरेकडे तोंड असलेली भिंत मिळाली तर अधिक बरे, कारण वर्षातला बराचसा काळ तिच्यावर थेट ऊन येत नाही आणि उजेड सगळीकडे सारखा राहतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे तोंडही उत्तरेलाच आहे, पण तिथले बुरूज पुढे आलेले असल्याने या चाचणीला तो दर्शनी भाग निरुपयोगी आहे, आणि संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला परवानगीही काढावी लागते.

भिंतीच्या चाचणीत खरी अडचण कॅमेरा भिंतीला काटेकोर समांतर ठेवण्याची असते. थोडा तिरपा राहिला की एक बाजू लांब जाते आणि निर्दोष लेन्सवर आळ येतो. त्यावर सोपा उपाय असा: हातात मावेल एवढा सपाट आरसा भिंतीला चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि कॅमेरा अशा प्रकारे हलवावा की आरशात लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधोमध दिसेल. तसे दिसले म्हणजे लेन्सचा अक्ष भिंतीला लंब झाला. एवढे करूनही एक कोपरा वाईट आला तर कॅमेरा उलटा, म्हणजे डोक्यावर उभा करून पुन्हा चित्र घ्यावे. बिघाड भिंतीच्या त्याच विटांवर राहिला तर मांडणी चुकली आहे. तो कॅमेऱ्याबरोबर फिरून विरुद्ध बाजूच्या विटांवर गेला तर दोष लेन्सचा किंवा कॅमेऱ्याच्या माउंटचा आहे. यांपैकी कोणाचा, हे मित्राच्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स लावल्याशिवाय ठरत नाही. मी एकदा लेन्स बदलून घेण्यासाठी दुकानात तावातावाने बोललो होतो आणि दोष निघाला माझ्याच पडलेल्या कॅमेऱ्याच्या माउंटचा.

सरळ रेषा आणि ताणलेली डोकी

त्याच भिंतीवर डिस्टॉर्शन, म्हणजे सरळ रेषांचे वाकणे, हेही दिसते. बहुतेक वाइड झूम रुंद टोकाला विटांच्या ओळी बाहेर फुगवतात आणि ३५ मिमीकडे जाताना त्या किंचित आत ओढतात. साधा फुगवटा संगणकावर सहज सरळ होतो. मिशीसारखी दुहेरी वळण घेणारी रेषा मात्र लवकर हाती लागत नाही, म्हणून लाकडी तुळयांची छते टिपणाऱ्याने ती आवर्जून शोधावी.

मिररलेस काळात यात एक पडदा आला आहे. अनेक नव्या लेन्स डिस्टॉर्शनची दुरुस्ती संगणकीय पद्धतीने होणार हे गृहीत धरूनच रचलेल्या असतात, आणि कॅमेरा व बरीचशी सॉफ्टवेअर ती दुरुस्ती आपल्याला न विचारता लावतात. मूळ चित्र पाहायचे असल्यास डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती बंद करून तीच रॉ फाइल उघडावी. दुरुस्ती होणे हा गुन्हा नाही. पण फुगलेला कोपरा ताणून सरळ केला की तिथले पिक्सेलही ताणले जातात आणि तपशील पातळ होतो. दोन लेन्सची तुलना करायची तर दोन्ही दुरुस्त करून, अंतिम चित्राच्या पातळीवर करावी.

डिस्टॉर्शनशी नेहमी गल्लत होते ती कडेच्या ताणाची. सरळ रेषा सरळ ठेवणारी कोणतीही लेन्स कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या दिशेने ताणते, आणि हा ताण भूमितीचा असल्यामुळे कितीही महाग लेन्स घेतली तरी तो टळत नाही. चौकटीच्या उजव्या किंवा डाव्या कडेला हा ताण १६ मिमीवर दीडपट, २४ मिमीवर सव्वापट आणि ३५ मिमीवर साधारण १.१२ पट असतो. ढोल-ताशा पथकाची पहिली रांग १६ मिमीवर टिपली की कडेच्या वादकाचा फेटा भोपळ्याएवढा होतो तो यामुळे. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वरचा वर्तुळाकार नंदीमंडप मध्यात ठेवून आणि मग कडेला ठेवून एकदा पाहावा. लेन्सला कशाबद्दल जबाबदार धरायचे आणि कशाबद्दल नाही, हे त्या दोन चित्रांनी कायमचे समजते.

कडेचा अंधार, समोरचा उजेड

कोपरे काळवंडणे, म्हणजे व्हिनेटिंग, वाइड लेन्समध्ये अटळ आहे. तपासण्यासाठी एकसारख्या ढगाळ आकाशाचे किंवा उजळ पांढऱ्या भिंतीचे चित्र दुरुस्ती बंद ठेवून प्रत्येक अ‍ॅपर्चरला घ्यावे. कोपरा मध्यापेक्षा दोन स्टॉपने काळा असेल आणि सॉफ्टवेअरने तो उजळला, तर आयएसओ १६०० च्या चित्रात कोपऱ्यातला नॉइज आयएसओ ६४०० सारखा दिसतो. रात्रीच्या आकाशात हे लगेच डोळ्यांवर येते. दिवसाच्या कामात मी व्हिनेटिंगकडे फारसे लक्ष देत नाही.

फ्लेअरकडे, म्हणजे प्रखर उजेडामुळे चित्रात उमटणाऱ्या डागांकडे आणि धुरकटपणाकडे, मात्र द्यावे, आणि त्याची चाचणी घरातल्या दिव्यावर उरकू नये. मावळतीचा सूर्य आधी मध्यात, मग कोपऱ्यात, आणि शेवटी चौकटीच्या जरा बाहेर ठेवून चित्रे घ्यावीत. आरशाचा कॅमेरा असेल तर व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नये. सूर्य चौकटीत असताना येणारे एखाद-दोन रंगीत ठिपके पुसता येतात. चौकटीबाहेर असताना साऱ्या चित्रावर दुधट पडदा येत असेल तर तो अधिक गंभीर दोष होय, कारण वाइड झूमचे हूड उथळ असते आणि ते फारसे वाचवू शकत नाही. गणेशोत्सवात काम करणाऱ्यांनी याच्या जोडीला एखाद्या मंडपासमोर रात्री अर्धा तास घालवावा: माळा, प्रखर झोत आणि एलईडी भिंती एकाच चौकटीत आल्या की लेन्सच्या लेपनाची परीक्षा होते. मिरवणुकीतील लेझरचे किरण थेट लेन्समध्ये येऊ देऊ नयेत; सेन्सर कायमचा बिघडतो आणि त्यावर कुठल्याही लेपनाचा इलाज नाही.

सूर्याचे किरण ताऱ्यासारखे फुटलेले हवे असतील तर अ‍ॅपर्चरच्या पात्यांची संख्या पाहावी. सम संख्येला तितकेच आणि विषम संख्येला दुप्पट किरण मिळतात, म्हणजे ९ पात्यांना १८. त्यासाठी एफ/१६ पर्यंत जावे लागले तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, चित्र एकंदरीत थोडे मवाळ होते, हे गृहीत धरावे.

कोमाची, म्हणजे कोपऱ्यातल्या प्रकाशबिंदूंना पंख फुटण्याच्या दोषाची, तपासणी लेन्स पूर्ण उघडून दूरच्या दिव्यांवर होते. कात्रजच्या घाटातून दिसणारे शहराचे दिवे कोपऱ्यात ठेवले तरी पंख फुटलेले ठिपके ओळखू येतात. ताऱ्यांवर तपासायचे असेल तर शटर लांब ठेवू नये. १६ मिमीवर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेन्सरवर दर सेकंदाला साधारण १.१६ मायक्रोमीटर सरकतो, त्यामुळे ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर चारएक सेकंदांत तो एक पिक्सेल ओलांडतो. आयएसओ वाढवून चार-पाच सेकंदांचे चित्र घेतले म्हणजे दिसणारी शेपटी लेन्सची आहे की पृथ्वीच्या फिरण्याची, हा वाद उरत नाही.

गुलाल, पाऊस आणि फिल्टर

अनंत चतुर्दशी भाद्रपदात येते, म्हणजे पुण्यात त्या दिवशी पाऊस आणि गुलाल दोन्हींची तयारी ठेवावी लागते. माउंटभोवती रबरी कडे आहे का, हे लेन्स उलटी धरून पाहावे. झूम फिरवताना लेन्सची लांबी बदलत असेल तर ती भात्यासारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळही. लांबी न बदलणारी रचना अशा कामाला उजवी. काही उत्पादक पुढे फिल्टर लावल्यावरच लेन्सचे धुळीपासूनचे संरक्षण पूर्ण होते असे स्वतःच सांगतात, तेव्हा माहितीपत्रकातील ती ओळ शोधावी. पुढच्या भिंगावर गुलाल बसला तर आधी हवेच्या पंपाने उडवावा. ओल्या फडक्याने पुसायला गेलेल्यांचे लेपनावरचे ओरखडे मी पाहिले आहेत.

बाहेर फुगलेल्या पुढच्या भिंगाच्या लेन्सला साधा फिल्टर बसत नाही. तिच्यासाठी १५० मिमी रुंदीच्या चौकोनी फिल्टरांची मोठी चौकट घ्यावी लागते, आणि तिची किंमत लेन्सच्या किमतीतच धरावी. आकाश गडद करणाऱ्या पोलरायझर फिल्टरचा मोह मात्र आवरावा. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात त्याचा परिणाम सर्वाधिक असतो, आणि १६ मिमीच्या चौकटीत आडवे सुमारे ९७ अंश आकाश मावत असल्याने सह्याद्रीच्या कड्यांवर निळ्याशार पट्ट्याचा डाग उमटतो.

वजनाचा विचार दिवसअखेरच्या मनगटाने करावा. सोनीची १६-३५ मिमी एफ/२.८ २०१७ साली ६८० ग्रॅमची होती, २०२३ ची दुसरी आवृत्ती ५४७ ग्रॅमची आहे. बेलबाग चौकात दहा तास उभे राहिल्यावर या १३३ ग्रॅमचे मोल कळते. ऑटोफोकससाठी अंधुक खोलीत एकाच वस्तूवर दहा वेळा फोकस करून दहाही चित्रे सारखी येतात का पाहावे, आणि व्हिडिओ करणाऱ्यांनी फोकस जवळून दूर नेताना चौकट किती श्वास घेते, म्हणजे तिच्यात मावणारे दृश्य किती कमी-जास्त होते, तेही पाहावे.

वापरलेली लेन्स

जुनी लेन्स घेण्यात मला काही गैर वाटत नाही. दोन्ही चाचण्या तिलाही तशाच लागू आहेत आणि विकणाऱ्याने टेकडीपर्यंत येण्याची तयारी दाखवली तर तो भरवशाचा माणूस आहे असे मी समजतो. त्याखेरीज अंधाऱ्या खोलीत लेन्स पूर्ण उघडून एका टोकाकडून बारीक टॉर्चचा झोत तिरपा टाकावा आणि दुसऱ्या टोकाकडून पाहावे. धुळीचे चार-सहा कण चित्रात दिसत नाहीत, त्यांच्यावरून घासाघीस करावी आणि लेन्स घ्यावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स आपल्या पिशवीत येऊ देऊ नये. पुण्याचे पावसाळी चार महिने बुरशीला पोसतात, त्यामुळे नवी लेन्सही सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात किंवा ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवावी, चामड्याच्या मूळ पाकिटात नाही. फिल्टरच्या आट्यांवरचा पोचा हा पडझडीचा साक्षीदार असतो. तो दिसला तर कोपऱ्यांची चाचणी दुप्पट काळजीने करावी. बिलावरील आणि लेन्सवरील अनुक्रमांक जुळतात का, आणि नव्या लेन्सचे बिल जीएसटीसह भारतातले आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे, कारण बाहेरून आणलेल्या मालाला इथली हमी मिळेलच असे नाही.

चाचणीच्या साठ रॉ फाइली पुसून टाकू नयेत. मी त्या लेन्सच्या अनुक्रमांकाच्या नावाने फोल्डरमध्ये ठेवतो आणि दर वर्षी विसर्जनानंतरच्या पहिल्या मोकळ्या सकाळी पर्वतीवर त्याच दगडापाशी ट्रायपॉड लावून, तीच इमारत त्याच चार कोपऱ्यांत पुन्हा टिपतो. दोन वर्षांपूर्वीच्या गर्दीत लेन्सला एका ढोलाच्या कडीचा धक्का बसला होता आणि बाहेरून खरचटल्याची खूणही नव्हती. उजवा वरचा कोपरा ढळल्याचे त्या जुन्या फाइलींशी ताडूनच लक्षात आले, आणि या वेळी दुरुस्ती केंद्रात मी आधीची व नंतरची चित्रे शेजारी-शेजारी छापून घेऊन गेलो.